सरखेल कान्होजी आंग्रे आणि शापित खजिन्याची गोष्ट

आपल्या बीड जिल्ह्यात खजिन्याच्या गोष्टींना तोटा नाही. पडका वाडा दिसला की त्याच्या भिंतीत मोहरांचा हंडा असतो. धारूरच्या किल्ल्यासारखा किल्ला असला, तर तळघर असते आणि तळघरात द्रव्य असते. त्या द्रव्यावर नाग वेटोळे घालून बसलेला असतो, पायाळू माणसालाच ते धन दिसते, आणि जो कोणी ते लोभाने उपसायला जातो त्याचा वंश बुडतो. लहानपणी आजीच्या मांडीवर ऐकलेल्या या कथा पुढे कॉलेजात आल्यावरही मनाच्या एका कोपऱ्यात राहतातच. गोष्ट म्हणून त्या गोड आहेत. पण गुप्तधनासाठी रात्री-अपरात्री खणताना पोलिसांनी माणसे पकडली, अशा बातम्या आजही अधूनमधून वाचायला मिळतात. २०१३ साली महाराष्ट्राला जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, त्यालाही असल्या समजुती काही अंशी कारणीभूत आहेत.

जमिनीत पुरलेले धन आपल्या परिचयाचे. समुद्र मात्र अजिबात नाही. बिंदुसरा, सिंदफणा, मांजरा या आपल्या नद्या गोदावरीला मिळतात आणि गोदावरी पूर्वेच्या समुद्राला. म्हणजे आपल्याकडे पडलेला पाऊससुद्धा कोकणच्या बाजूला वळून पाहत नाही! एक धागा तेवढा आहे. अंबाजोगाईची योगेश्वरी ही कोकणातल्या कितीतरी घराण्यांची कुलदेवता, आणि त्या निमित्ताने समुद्रकाठची माणसे घाट चढून पिढ्यान् पिढ्या आपल्या जिल्ह्यात येत आली आहेत. त्यांच्याकडच्या खजिन्याच्या कथेत नागाऐवजी गलबत असते, हंड्याऐवजी लाटांखाली गेलेली पेटी असते, आणि पहारा करायला एखादा मेलेला चाचा असतो. अशा गोष्टी इंग्रजांच्या देशात तर इतक्या लोकप्रिय की त्यांच्यावर कादंबऱ्या झाल्या, चित्रपट झाले. शापित सोन्याच्या नाण्यांवर बेतलेली एक इंग्रजी चित्रपटमालिका २००३ पासून जगभर गाजली. तिच्या २००७ सालच्या तिसऱ्या भागात नऊ चाच्यांच्या नऊ सरदारांची सभा भरते. त्यांतला हिंदी महासागराचा जो सरदार आहे, त्याचे नाव संभाजी आंग्रिया!

हे नाव ऐकून मराठी प्रेक्षक चमकला नसेल तरच नवल. कारण संभाजी आंग्रे हा काल्पनिक पुरुष नव्हे. तो मराठ्यांच्या आरमाराचा सरखेल होता, आणि ज्या बापाचा तो मुलगा, त्या कान्होजी आंग्र्यांमुळेच आंग्रे हे नाव मुंबईपासून लंडनपर्यंत इंग्रजांच्या तोंडी बसले. तेव्हा मुलाला बाजूला ठेवून बापाचेच चरित्र पाहू. चाचा म्हणजे कोण, आणि ते ठरवायचे कोणी, हा प्रश्न त्या चरित्रात पावलोपावली उभा राहतो.

आंग्र्यांचे मूळ आडनाव संकपाळ. पुणे प्रांतातल्या आंगरवाडी या गावावरून त्यांना आंग्रे म्हणू लागले. कान्होजींचे वडील तुकोजी हे शिवाजी महाराजांच्या चाकरीत होते आणि हर्णैजवळच्या सुवर्णदुर्गावर त्यांची नेमणूक होती. कान्होजींचा जन्म १६६९ च्या सुमाराचा धरला जातो. म्हणजे महाराजांना राज्याभिषेक झाला तेव्हा हा मुलगा पाच वर्षांचा असेल. घाटावरच्या कुळातला हा पोर वाढला मात्र खाऱ्या वाऱ्यात, कोळ्या-भंडाऱ्यांच्या मुलांबरोबर. लहानपणी तो रानात झोपला असता नागाने त्याच्या डोक्यावर फणा धरला, अशी आख्यायिका सांगतात. आपल्याकडे राजा होणाऱ्या प्रत्येक गुराख्याच्या डोक्यावर नागाने फणा धरलेला असतो, तेव्हा तिच्यावर फार वेळ घालवायला नको. पण गंमत अशी की, आपल्या गोष्टीत जो नाग धनाचे रक्षण करतो, तोच इथे माणसाचे रक्षण करतो.

महाराज १६८० साली गेले. १६८९ साली संभाजीराजे औरंगजेबाच्या हाती सापडले आणि रायगड पडला. राजाराम महाराज जिंजीला निघून गेले आणि कोकणची किनारपट्टी उघडी पडली. जंजिऱ्याचा सिद्दी हा मोगलांचा नौकासेनानी. त्याने या संधीचा फायदा घेऊन एकामागून एक ठाणी घेण्याचा सपाटा लावला. सुवर्णदुर्गाचा किल्लेदार अचलोजी मोहिते सिद्दीशी आतून संधान बांधून किल्ला देण्याच्या बेतात होता, असे सांगतात. तरुण कान्होजींनी हा डाव ओळखला, शिबंदीतल्या विश्वासू लोकांना हाताशी धरले, किल्लेदाराला कैद केले आणि किल्ला लढवला. समुद्रात मधोमध उभा असलेला तो किल्ला, किनाऱ्यावर शत्रूचे तळ आणि वर्षानुवर्षे राजधानीकडून ना रसद ना हुकूम. अशा स्थितीत पंचविशीच्या आतबाहेरच्या माणसाने किल्ला राखला, यातच पुढचा सरखेल दिसतो.

१६९८ साली सिधोजी गुजर वारले आणि आरमाराचा कारभार कान्होजींकडे आला. सरखेल ही पदवी त्यांच्या नावाला चिकटली ती कायमचीच. अलिबागसमोरचा कुलाबा हे त्यांचे मुख्य ठाणे. शिवाजी महाराजांनी अखेरच्या काळात बांधायला घेतलेला हा किल्ला भरतीच्या वेळी पाण्याने वेढलेला असतो आणि ओहोटीला पायी चालत जाता येते. चुन्याशिवाय नुसते मोठाले चिरे एकावर एक रचून त्याचा तट उभारला आहे. लाट आदळली की पाणी फटींत शिरते आणि तिचा जोर मरतो, असे म्हणतात. शेजारची अलिबाग ही वस्ती अली नावाच्या एका धनिकाच्या बागांवरून ओळखली जाई. ती आंग्र्यांच्या अमदानीत भरभराटीला आली. अलिबागी रुपया हे चांदीचे नाणेही त्यांनी पाडले. कुलाब्याच्या जोडीला खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि दक्षिणेला विजयदुर्ग. या विजयदुर्गालाच इंग्रज घेरिया म्हणत आणि त्याच्या नावाने त्यांना धडकी भरे.

आता आरमार म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मोठमोठी जहाजे येतात. कान्होजींची जहाजे तशी नव्हती. गुराब हे त्यांचे मोठे जहाज, दीडशे ते तीनशे टनांचे, दोन किंवा तीन डोलकाठ्यांचे. आणि गलबत हे लहान, सत्तर टनांपलीकडे क्वचितच जाणारे, चाळीस-पन्नास वल्ह्यांचे. इंग्रजांच्या एका बड्या जहाजापुढे गुराब म्हणजे हत्तीपुढे घोडे. पण हीच त्यांची खुबी होती. ही जहाजे उथळ बुडाची असल्याने खाडीत खोलवर शिरत, आणि तिथे परक्या जहाजाचा तळ वाळूत रुतत असे. वारा पडला की मोठी जहाजे जागच्या जागी डुलत राहत, तर गलबते वल्ह्यांच्या बळावर गुराबांना दोरखंडाने ओढत नेत आणि शत्रूच्या पिछाडीला आणून उभी करत. इंग्रजांच्या जहाजांच्या तोफा बहुतेक दोन्ही कुशींना असत, पिछाडी दुबळी. तिथूनच मारा सुरू होई आणि नेम धरला जाई तो डोलकाठ्यांवर. डोलकाठी कोसळली की जहाज पांगळे झाले. मग चोहोबाजूंनी गलबते भिडत आणि हातात तलवारी घेतलेले लोक वर चढत. ही सगळी गनिमी काव्याचीच रीत, फक्त डोंगराऐवजी पाण्यावर. पावसाळ्यात आरमार नांगरवाटेत असे. नारळी पौर्णिमा झाली की पुन्हा बाहेर पडायचे. शेतकऱ्याचा आणि खलाशाचा हंगाम असा उलटा चालतो. आपल्याकडे पाऊस पडला की काम सुरू, त्यांचे पाऊस पडला की बंद.

एवढे आरमार पोसायला पैसा लागतो. इथेच खजिन्याच्या गोष्टीचे खरे मूळ आहे. कान्होजींचा खजिना कुठल्या गुहेत पुरलेला नव्हता. तो दस्तक नावाच्या कागदावर उभा होता. कोकणच्या समुद्रातून माल नेणाऱ्या जहाजाने आंग्र्यांकडून दस्तक घ्यावे, मालाच्या मानाने जकात भरावी आणि निर्धास्त जावे. दस्तक नसेल तर जहाज जप्त. या पद्धतीचा शोध काही कान्होजींनी लावलेला नव्हता. पोर्तुगीज सोळाव्या शतकापासून आपला परवाना प्रत्येक जहाजावर लादत आले होते, आणि तो नसलेली जहाजे लुटत वा बुडवत आले होते. पोर्तुगीजांनी केले ते राज्य, आंग्र्यांनी केली ती चाचेगिरी, हा न्याय मोठा विचित्र खरा. कान्होजींची भूमिका साधी होती. किनारा मराठ्यांचा, तर किनाऱ्यालगतच्या पाण्यावर जकात घ्यायचा हक्कही मराठ्यांचा. इंग्रजांना हे कबूल नव्हते. वरून एतद्देशीय व्यापाऱ्यांचा मालही कंपनीच्या निशाणाखाली नेऊन ते जकात चुकवीत, आणि तंटा पेटे तो बहुधा अशाच जहाजांवरून.

खरे चाचे कसे असत ते पाहायचे तर त्याच काळातली दोन माणसे घ्यावीत. हेन्री एव्हरी हा इंग्रज दर्यावर्दी. त्याने १६९५ साली मक्केच्या यात्रेहून सुरतेला परतणारे औरंगजेबाचे गंज-ए-सवाई हे जहाज लुटले. जहाजावर यात्रेकरू होते, बायका होत्या. त्यांचे जे हाल झाले ते सांगवत नाहीत. औरंगजेब तेव्हा दक्षिणेतच छावणी टाकून बसला होता. त्याने सुरतेच्या इंग्रजांना बेड्या घातल्या. एव्हरी मात्र लूट घेऊन गेला तो गेलाच. त्याचे काही साथीदार १६९६ साली लंडनमध्ये फासावर चढले, त्याचा स्वतःचा ठावठिकाणा लागला नाही. दुसरा विल्यम किड. चाच्यांना पकडायला म्हणून इंग्लंडहून निघाला आणि स्वतःच चाचा झाला. १६९८ साली त्याने मलबारच्या किनाऱ्याजवळ मालाने भरलेले एक मोठे जहाज पकडले. १७०१ साली लंडनला त्याला फाशी दिले आणि त्याचे प्रेत थेम्स नदीच्या काठी लोखंडी पिंजऱ्यात टांगून ठेवले. त्याने अमेरिकेच्या एका बेटावर पुरलेले थोडे धन सरकारने आधीच उकरून नेले होते. तरी उरलेला खजिना कुठेतरी आहेच, आणि त्याला शाप आहे, या समजुतीने पुढे दोनशे वर्षे लोक खड्डे खणत राहिले. पाश्चात्त्यांच्या शापित खजिन्याच्या कितीतरी कथांचे मूळ असे या किडच्या धनात, म्हणजे आपल्याच समुद्रात लुटलेल्या हिंदी मालात आहे, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते.

एव्हरी आणि किड यांना ना देश होता ना धनी. कान्होजींना दोन्ही होते. फक्त धनी कोण, याचा काही काळ घोळ होता. १७०७ साली औरंगजेब मेला, शाहू महाराज सुटून आले आणि मराठी राज्याचे दोन तट पडले. कान्होजी ताराबाईंच्या बाजूला राहिले. १७१३ साली शाहूंनी पेशवा बहिरोपंत पिंगळे यांना त्यांच्यावर पाठवले, तर कान्होजींनी घाट चढून लोहगड, राजमाची घेतले आणि खुद्द पेशव्यालाच कैद केले! साताऱ्यावर चालून यायला त्यांना आता अडवणारे कोणी उरले नव्हते. तेव्हा शाहूंनी तलवारीऐवजी माणूस निवडला. बाळाजी विश्वनाथ भट हे श्रीवर्धनचे, कोकणची नस जाणणारे. १७१३ च्या नोव्हेंबरात त्यांना पेशवाईची वस्त्रे मिळाली आणि ते कान्होजींना भेटायला गेले. या भेटीत नेमके काय बोलणे झाले असेल याची कल्पना करायला मोह होतो. एकाच किनाऱ्यावर वाढलेली दोन माणसे, दोघांनाही सिद्दीचा जाच माहीत, दोघांनाही घरच्या भांडणाचा वीट आलेला. १७१४ च्या तहाने कान्होजी शाहूंच्या बाजूला आले. पेशव्याची सुटका झाली, घाटावरचे किल्ले परत गेले. कान्होजींकडे दहा किल्ले, सोळा लहान ठाणी, सरखेली आणि वजारत-म-आब हा किताब कायम झाला. पुढे वाढत गेलेल्या मराठी सत्तेची पाठ या तहाने समुद्राच्या बाजूने सुरक्षित झाली. आपल्या पाठ्यपुस्तकात याला चार ओळी मिळतात. त्या चाळीस असायला हव्या होत्या.

या धामधुमीच्या थोडे आधी, १७१२ च्या नोव्हेंबरात, एक प्रकरण घडले. मुंबईच्या गव्हर्नरची शस्त्रसज्ज नौका कारवारकडून परत येत असताना आंग्र्यांच्या गुराबांनी तिला गाठले. तोफांच्या माऱ्यात कारवारच्या वखारीचा प्रमुख टॉमस चाउन ठार झाला आणि त्याची तरुण पत्नी कॅथरीन ही कैदी झाली. तिला कुलाब्यावर ठेवले. पुढल्या फेब्रुवारीत तीस हजार रुपये खंडणी भरून इंग्रजांनी तिला सोडवून नेले. आपले चरित्रकार या प्रसंगावरून घाईने पुढे सरकतात. मला वाटते, सरकू नये. नुकत्याच विधवा झालेल्या बाईला रकमेसाठी तीन महिने अडकवून ठेवणे, हे त्या काळच्या युद्धात सर्रास चालत असले तरी शोभादायक नव्हते. कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची कथा अभिमानाने सांगणाऱ्या आपण या बाईचेही नाव विसरू नये. कान्होजींना देव करण्याची गरज नाही. ते चाचे नव्हते एवढे सिद्ध झाले तरी पुरे.

१७१३ साली मुंबईकरांशी झालेला सलोखा फार टिकला नाही. चार्ल्स बून हा नवा गव्हर्नर आला तोच मुळी आंग्र्यांना नेस्तनाबूत करण्याच्या ईर्ष्येने. त्याने मुंबईभोवती तटबंदी केली, नवी जहाजे बांधली, आणि मग मोहिमांची रांग लागली. १७१७ मध्ये विजयदुर्गावर हल्ला केला, तो फसला. १७१८ मध्ये खांदेरीवर केला, तोही फसला. १७२० मध्ये पुन्हा विजयदुर्ग; या खेपेला इंग्रजांनी तोफा चढवलेला एक भला मोठा तरंगता बुरूज मुद्दाम बांधून आणला होता. त्यानेही काही साधले नाही. समुद्रावरचा राजा म्हणवणारी सत्ता दर वर्षी वाजतगाजत यायची आणि दर वर्षी दोरखंड गुंडाळून परत जायची!

शेवटी त्यांनी पोर्तुगीजांना हाताशी धरले. १७२१ च्या नाताळात कुलाब्यावर दोघांचे मिळून काही हजारांचे सैन्य चालून आले. इंग्लंडच्या राजाचे खास आरमारही कमोडोर मॅथ्यूज याच्या हाताखाली मदतीला होते. कान्होजी एकटे असते तर काय झाले असते ते सांगता येत नाही. पण सात वर्षांपूर्वीचा तह इथे कामाला आला. बाळाजी विश्वनाथांचा मुलगा बाजीराव आता पेशवा होता आणि तो घोडदळ घेऊन कोकणात उतरला. हल्ला करणाऱ्यांच्या शिड्या तटाला लागल्या, काही लोक वरही चढले, पण मराठी स्वारांनी पोर्तुगीजांच्या बगलेवर झडप घातली आणि सगळी फळी मोडली. खुद्द मॅथ्यूजच्या मांडीत एका मराठा स्वाराचा भाला घुसला. त्यानंतर दोस्तांत जुंपली ती अशी की पोर्तुगीजांनी इंग्रजांना न विचारता १७२२ च्या आरंभी स्वतंत्र तह उरकून घेतला. १७२४ मध्ये डचांनीही विजयदुर्गावर येऊन पाहिले. तेही हात हलवीत परत गेले. याच बाजीरावाने पुढे १७२८ साली पालखेडला निजामाला कोंडले आणि मुंगी-शेवगावला, म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या वेशीवरच, तह करायला लावले. समुद्रावरची आणि गोदाकाठची लढाई अशी एकाच माणसाच्या दौडीत जोडलेली आहे.

या सगळ्या वर्षांत कान्होजी आणि मुंबईचे गव्हर्नर यांच्यात पत्रव्यवहारही चालू असे. बूननंतर आलेल्या फिप्सला १७२४ मध्ये पाठवलेले त्यांचे उत्तर मुत्सद्देगिरीचा नमुना म्हणावे असे आहे. फिप्सने त्यांच्यावर लुटारूपणाचा ठपका ठेवला होता. कान्होजींनी रागाने उत्तर दिले नाही. त्यांनी एवढेच दाखवून दिले की, लोभ कोणालाही सुटलेला नाही, व्यापाऱ्यालासुद्धा नाही. देव वरून काही टाकत नाही, एकाकडून घेऊन दुसऱ्याला देतो. शिवाजी महाराजांनी चार बादशहांशी झुंजून राज्य उभे केले, तेच आमचे मूळ; आणि बळाने उभे राहिलेले राज्य टिकते की नाही हे आपण पाहतच आहात. तागडी आणि तलवार एका हातात धरणाऱ्या कंपनीला यापेक्षा नेमके उत्तर कोणी दिले असेल असे वाटत नाही.

या लढायांत हजर असलेला क्लेमंट डाउनिंग नावाचा एक तरुण इंग्रज खलाशी पुढे मायदेशी गेला. १७३७ साली त्याने एक पुस्तक छापले आणि त्याच्या मुखपृष्ठावरच आंग्र्यांना चाचा म्हटले. पुस्तक खपले. मादागास्करच्या खऱ्या चाच्यांच्या हकिकतीही त्याच पुस्तकात असल्याने वाचकांच्या मनात दोन्हींची सरमिसळ झाली. त्याच्या सांगण्याप्रमाणे प्लँटेन नावाचा एक चाचा मादागास्कर सोडून आंग्र्यांच्या नोकरीत गोलंदाज म्हणून राहिला होता. आंग्र्यांच्या पदरी परदेशी गोलंदाज असत हे खरे. पण चाच्याला पगारावर ठेवणारा सरखेल आणि चाचा यांत फरक असतो. इंग्रजी पुस्तकांत तो फरक पुसला गेला. आपल्याकडे त्या वेळी मराठीत असे पुस्तक छापणारे कोणी नव्हते. मोडी दप्तरे रुमालात बांधलेली राहिली आणि जगाने ऐकली ती एकच बाजू.

कान्होजींच्या अखेरच्या वर्षांत एका हत्तीवरून मोठे रामायण झाले. परशुरामचे ब्रह्मेंद्रस्वामी हे पेशवे, आंग्रे आणि सिद्दी या तिघांनाही वंदनीय. कर्नाटकातून अंजनवेलच्या सिद्दी सातासाठी आणला जात असलेला एक हत्ती आंग्र्यांच्या लोकांनी वाटेत अडवला. सिद्दीचा राग स्वामींवर निघाला आणि १७२७ साली त्याने परशुरामाच्या देवळाची नासधूस केली. स्वामी कोकण सोडून साताऱ्याजवळ धावडशीला जाऊन राहिले. दस्तकाची पद्धत किती कडक होती, ते या हत्तीने सांगितले. पण तिचा दंड मात्र देवळाला भरावा लागला.

४ जुलै १७२९ रोजी कान्होजी वारले. भर पावसाळा, आरमार नांगरवाटेत होते. त्यांची समाधी अलिबागेत आहे. साठ वर्षांच्या आयुष्यात या माणसाने एकही किल्ला युरोपियनांच्या हाती जाऊ दिला नाही.

शापाचे म्हणाल तर तो यानंतर सुरू झाला. थोरला मुलगा सेखोजी कर्तबगार निघाला, पण १७३३ सालीच वारला. मग संभाजी आणि मानाजी या भावांत वाटणीची भांडणे लागली. १७३५ मध्ये पेशव्यांनी दोन वाटे केले. मानाजीला कुलाबा आणि वजारत-म-आब किताब. संभाजीला दक्षिणेचे किल्ले आणि सरखेली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात संभाजीने डर्बी हे कंपनीचे सोन्यानाण्याने भरलेले मोठे जहाज पकडले. चित्रपटवाल्यांना त्याचेच नाव सापडले, यात नवल नाही. १७४२ साली तो गेला आणि विजयदुर्ग तुळाजीकडे आला. तुळाजी शूर होता, तसाच हट्टी. पेशव्यांना तो जुमानीना. नानासाहेब पेशव्यांनी त्याच्यावर इंग्रजांनाच बोलावले. १७५५ च्या एप्रिलात कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला, आणि १७५६ च्या फेब्रुवारीत ॲडमिरल वॉटसन व कर्नल क्लाइव्ह विजयदुर्गासमोर आले. एक तोफगोळा बंदरातल्या एका जहाजावर पडला, ते पेटले, आणि एकमेकांना बांधून ठेवलेली सगळी जहाजे त्या आगीत सापडली. कान्होजींनी तीस वर्षे खपून वाढवलेले आरमार काही तासांत जळून गेले, तेही मराठ्यांच्या संमतीने.

किल्ल्यात खजिना सापडला, अगदी गोष्टीतल्यासारखा. सुमारे दहा लाख रुपयांचा ऐवज. इंग्रज अधिकाऱ्यांनी त्याच्या वाटण्या मुंबईहून निघण्यापूर्वीच ठरवून ठेवल्या होत्या आणि त्यात पेशव्यांना छदाम नव्हता. किल्लासुद्धा नंतर बाणकोटच्या मोबदल्यातच पेशव्यांना मिळाला. तुळाजीचे उरलेले आयुष्य पेशव्यांच्या कैदेत गेले. लूट वाटून घेणारे वॉटसन आणि क्लाइव्ह त्याच वर्षी बंगालकडे रवाना झाले; पुढच्या वर्षी प्लासी झाली. या मंडळींना मात्र इंग्रजी इतिहासात कोणी चाचे म्हटले नाही. जेम्सच्या विधवेने १७८४ साली नवऱ्याच्या पराक्रमाची आठवण म्हणून लंडनजवळच्या शूटर्स हिल या टेकडीवर एक मनोरा बांधला. त्याचे नाव सेव्हर्नड्रूग, म्हणजे इंग्रजांच्या जिभेवर वळलेले आपले सुवर्णदुर्ग. तो मनोरा अजून उभा आहे.

इकडे मुंबईतल्या नौदलाच्या ठाण्याला १९५१ साली आंग्रे हे नाव दिले गेले. खांदेरी बेटावर १८६७ पासून दीपगृह आहे. त्या बेटाला आता कान्होजी आंग्रे बेट म्हणतात. रात्री मुंबई बंदरात शिरणारी जहाजे, कुठल्याही देशाची असोत, त्याच दिव्याच्या खुणेवर आपली वाट धरतात.